शेंदूर नसलेला देव

ती घटना आठवली की आजही डोंगरवाटेवरचा गोटा उचलायला माझा हात धजत नाही. नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण त्या घळीकडे मी पुन्हा फिरकलो नाही.

तेव्हा मी चिखलदऱ्याच्या पायथ्याशी ठाणेदार होतो. रविवार आला की अमरावती-अकोल्याची मंडळी दिवसभराच्या भटकंतीला डोंगरात येत. सकाळी चढायचं, दुपारी नदीच्या घळीत डबे सोडायचे, अंधाराआधी खाली. त्यातले चुकलेले शोधताना माझ्या शिपायांचे जोडे झिजत, म्हणून या हौशी लोकांवर माझा खरं तर रागच होता.

अमरावतीचे दोन मित्र अशा सहली काढत. एकदा दोघेच नवी वाट पाहायला आले आणि त्यातला धाकटा नाहीसा झाला. थोरल्याचं म्हणणं, आम्ही बरोबरच उतरलो, तो फाट्यावर पुण्याच्या गाडीत बसला. मोबाइलचं शेवटचं ठिकाण आमच्या हद्दीत निघालं, म्हणून मिसिंगची तक्रार आमच्याकडे दाखल झाली. तपास पुण्यापर्यंत नेला. हाती काही आलं नाही.

धाकट्याची बहीण चांदूर बाजारला राहत होती. आईबाप लवकर गेले, भावाला तिनंच वाढवलेलं. दर आठवड्याला ती एसटीनं येई आणि ठाण्यातल्या बाकावर बसून राही.

"साहेब, त्याचा काही पत्ता?"

"पुण्याला चौकशी चालू आहे, बाई."

"तो मले न सांगता पुण्याले जाईनच कसा?"

तिला चहा पाजून परत पाठवताना मला स्वतःची लाज वाटे.

एका सोमवारी मात्र ती जरा हुरूप घेऊन आली. आदल्या दिवशी भावाच्या त्याच थोरल्या मित्राबरोबर सहलीला जाऊन आली होती. "भाऊ कुठं कुठं फिरे ते पाहून आली. घळीच्या वर देव आहे, साहेब. समदे एकेक गोटा ठेवतात. म्या बी ठेवला, कुंकू लावून. म्हटलं, माझ्या भावाले घरी आण."

"कोणता देव?"

"आता ते काय मालूम? वाटेतला देव."

ती गेल्यावर मी पायथ्याच्या गावचा पोलीस पाटील बोलावला. तो हसलाच. "तिथं देव? आमच्या बापानं नाही पाह्यला. डांबरी रस्ता झाल्यापासून त्या वाटेनं गावचं कोणी जातच नाही."

मग त्या सहलींना जाणाऱ्या चौघांना गाठलं. दर आठवड्याला मोबाइलवर वाट ठरायची. कोणी धबधबा म्हणे, कोणी किल्ला. थोरला प्रत्येकात खोट काढी. इकडं आग्यामोहोळ, तिकडं पाणी नाही, पलीकडं जंगलखातं सोडत नाही. शेवटी घळीचीच वाट उरे. तिथं गोट्यांच्या ढिगाशी थांबून तो सगळ्यांना सांगे, "एक गोटा ठेवा, वाट चुकत नाही." आपल्या वऱ्हाडात देव म्हटलं की माणूस आधी हात जोडतो. नाव विचारत बसणं कोणाला सुचत नाही. मीही ठेवला असता.

थोरल्याला चौकशीला बोलावलं. त्याची जबानी पहिल्या जबानीशी शब्दाला शब्द जुळली. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं इकडचं तिकडं करतो. पाठ करून आलेला करत नाही.

"तो देव कोणाचा?" मी विचारलं.

"लोकाइची श्रद्धा आहे, साहेब. मी काहून आडवू?"

मी वाद घातला नाही. त्याला घेऊन भर दुपारी डोंगर चढलो. घळीच्या काठाला सागाची वाळकी पानं इतकी की आपलाच पाय दोनदा वाजे, एकदा खाली आणि एकदा समोरच्या कड्यात. माकडं होती, पण एकही ओरडत नव्हतं. ढीग छातीएवढा झाला होता. ना शेंदूर, ना नारळाची करवंटी, ना झेंडा. सगळ्यात वरच्या एकाच गोट्यावर कुंकवाचा ठिपका होता. तो त्या बहिणीनं ठेवलेला.

मी थोरल्याला म्हणालो, "ठेवा एक गोटा."

त्यानं उचलला. ढिगापर्यंत नेला. मग तसाच खाली टाकला. "माह्यानं नाही ठेवणं होत, साहेब. लय झाले त्याच्यावर."

पुढचं त्यानं न विचारता सांगितलं. ही वाट धोक्याची आहे, लोकांना आणायची नाही, असं धाकटा अडून म्हणाला. शब्दानं शब्द वाढला, थोरल्यानं ढकललं, डोकं खडकावर आपटलं. त्यानं प्रेत खळग्यात ओढून धोंड्यांनी झाकलं. पण जनावरं उकरतील ही धास्ती जाईना, आणि पुन्हा स्वतः हात लावायची हिंमत होईना. म्हणून दर रविवारी तो लोकांच्या हातून त्यावर गोटे रचून घेत होता.

नायब तहसीलदार आणि पंचांसमोर ढीग उकलला. कुंकवाचा गोटा मी स्वतः आधी उचलून बाजूला ठेवला. खाली तो होता. अंगावरचा शर्ट बहिणीनं ओळखला.

तोवर मी समजत होतो की गुन्हा अंधारात, आडोशाला लपवतात. या माणसानं तो भर वाटेवर ठेवला आणि भल्या माणसांच्या श्रद्धेनं झाकला. तेव्हापासून जिथं कोणी काही विचारत नाही, तिथं मी आधी विचारत आलो.

ती बहीण त्या दिवशी रडली नाही. ठाण्यातल्या नेहमीच्या बाकावर बसून होती. जायला उठली तेव्हा माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं,

"माह्या गोट्याचा भार झाला असन का हो त्याले?"

"नाही, बाई," मी म्हणालो. "तो सगळ्यात वर होता."

तिनं मान हलवली आणि एसटी गाठायला निघून गेली. पुढच्या आठवड्यात त्या बाकावर कोणी आलं नाही.