बेलबॉटमच्या मागावर युसूफ वडगावला

बाबांच्या वर्षश्राद्धाला दिनकरकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, जेवून हात धुता धुता म्हणाले, "बहात्तरला सगळं गाव खडी फोडत व्हतं, अन् तुझा बाप बेलबॉटम घालून फोटो काढत व्हता. सोसायटीच्या दुकानात कापड मोजायला त्योच व्हता ना?" एवढं बोलून त्यांनी बडीशेप तोंडात टाकली.

मी विमा कंपनीत दावे तपासते. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच माझा दिवस सुरू होतो, पण बाबांच्या बाबतीत ती वेळ कधी आली नव्हती. आता अल्बममधला त्यांचा लग्नाआधीचा फोटो काढून पाहिला. लांब कॉलरचा टेरिलिनचा शर्ट, रस्ता झाडत जाईल इतकी रुंद पँट, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीत साहेबासारखे बसलेले. बोटांपाशी एक काळा डाग होता. फोटोला ओल लागली असेल असं वाटलं. दुष्काळात हा थाट आला कुठून? आईला "ऑफिसचं काम आहे" सांगून बाबांच्या गावी, युसूफ वडगावला निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते, पुण्याहून बीडची सकाळची पहिली एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, मी ते दोनदा तपासून घेतलं. बीडहून केजची गाडी मांजरसुंब्यावरून जाते. रस्ता इतका चांगला झालाय की मला त्याचाही संशय आला. नेकनूरला चहा प्या, गोड असतो पण तरतरी येते. तिथे शेजारच्या आजोबांनी विचारलं, "वडगावला कावून चालल्या?"

"जमीन बघायला," मी ठोकून दिलं.

"एकट्याच?" म्हणून त्यांनी आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. संशय काही माझ्या एकटीची मिरास नाही.

केजहून पुढे शेअर जीप. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो, त्यामुळे तासभर धूळ खाल्ली. युसूफ वडगावच्या बाजारात भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी शंभराच्या आत मिळाली. पोट भरल्यावर गफूर टेलरचं दुकान विचारलं. बाबांचे कपडे तेच शिवायचे. आता दुकान मुलगा बघतो, चाचा बसून बटणं लावतात.

मी फोटो पुढे केला. "चाचा, हे कापड सोसायटीचं का?"

चाचा हसले. "सोसायटीचं कापड कंट्रोलचं व्हतं ताई, रेशनवरचं. जाडंभरडं, सगळ्या गावाला एकाच ठाणातलं. बापाचा सदरा, पोराची चड्डी, बाईचं झंपर, सगळं एका छापाचं. त्याची बेलबॉटम म्हंजी पोतंच की!"

"मग हा जोड?"

"साखर कारखान्याच्या ऑफिसात लागलेल्या एकानं शिवाया टाकलता. तंबूतल्या सिनेमातला हिरो बघून आलता. टेरिलिनचं लई याड तवा. कावून? प्यायला पाणी न्हाई तिथं धुवायला कुटलं? हे तांब्याभर पाण्यात निघायचं. पर मी घडी पाडाया गेलो अन् निखाऱ्याची इस्त्री गुडघ्यावर चिकटली. त्यानं जोड घेतलाच न्हाई."

"पुढे?"

"पुढं काय, लगनाच्या पोरांची सोय झाली. मुलीकडं फोटो धाडायचा तर कंट्रोलच्या सदऱ्यात कसा धाडायचा? त्यो जोड घालायचा, फोटो काढायचा, परत आणून द्यायचा. डाव्या गुडघ्यावर हात ठिवायचा, येवढीच अट."

गोष्ट फारच सोयीची होती. माझ्या धंद्यात अशा गोष्टींवर लाल शेरा पडतो. "पुरावा आहे?" मी विचारलंच.

चाचांनी मुलाला भिंतीवरची तसबीर उतरवायला लावली. पोरांनी आठवण म्हणून दिलेले सहा फोटो त्यात होते. सहा तोंडं, एकच शर्ट, एकच पँट आणि सहाही हात डाव्या गुडघ्यावर. दुसऱ्या ओळीत बाबा होते. त्यांच्या शेजारी, मिशीला पीळ भरून, दिनकरकाका!

मला हसू आलं आणि मग फार लाज वाटली. ज्या माणसाने मला दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा परत करायला लावली, त्याचा दावा मी तपासायला निघाले होते. परतीच्या गाडीत फोटोतल्या डागावरून सारखं बोट फिरवत राहिले. तो ओलीचा नव्हता, इस्त्रीचाच होता.

घरी आल्यावर आईला सगळं खरं सांगून टाकलं. ती शेंगा सोलत होती. काकांचं नाव निघालं तेव्हा तिचे हात थांबले.

"त्यांचाबी फोटो आलता की आमच्याकडं," ती म्हणाली.

"काकांचा? तुझ्यासाठी स्थळ म्हणून?"

"एकाच आठवड्यात दोन आलते. त्योच शर्ट, तीच पँट. आमी बहिणी लई हसलो. मग म्या दोगांचे हात नीट बघितले. दिनकरभावजींचा हात डागावर बरोबर बसला व्हता. तुज्या बाबांचा सरकला व्हता, डाग दिसत व्हता." तिने पुढची शेंग फोडली. "म्हणलं, ह्या माणसाला झाकाया येत न्हाई. ह्योच बरा."