सात नंबरची जागा

बेरिल ऑल्डरॉइड पंधराव्या वर्षी इंग्लंडमधल्या शिपलीच्या एका लोकरीच्या गिरणीत लागली. काम डोळ्यांचं होतं. मागावरून उतरलेलं सुटाचं कापड उतरत्या टेबलावर पसरायचं, खिडकीच्या उजेडात बोटांनी चाचपत पुढे न्यायचं, आणि कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ राहिलीय ते हुडकून सुईने अशी दुरुस्ती करायची, की शिंप्यालाही पत्ता लागू नये. तीस वर्षं तिने हेच केलं. गिरणी बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षं बटाटे सोलले आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाली.

नवरा रॉय बस चालवायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. चढावरच्या घरी जाताना तो तीनदा थांबायचा, आणि थांबलोय हे कळू नये म्हणून लोकांच्या बागांची चौकशी करायचा. शेवटी त्यांनी ते घर विकलं आणि स्टेशनजवळ नव्याने झालेल्या वीव्हर्स कोर्टमध्ये तळमजल्याचा फ्लॅट घेतला. गाडी लावायच्या जागा तेव्हा अजून वाटल्या नव्हत्या. रॉयने विक्रीवाल्या माणसाला उभं करून प्रत्येक जागेपासून दारापर्यंत पावलं मोजली. सात नंबरपासून अकरा भरली. "हीच हवी. ही मिळत नसेल तर फ्लॅटही नको," असं तो म्हणाला, आणि मिळवली. त्या अकरा पावलांवर तो नऊ वर्षं जगला.

तो गेल्यावर बेरिलने गाडी ठेवली. थोरली बहीण मार्जरी पलीकडच्या गावात एकटी राहायची. तिला दवाखान्यात नेणं-आणणं, गुरुवारचा बाजार, कधी रॉयची कबर, एवढ्यासाठी.

आता वीव्हर्स कोर्टला, म्हणजे मीही राहते त्या इमारतीला, एक जुनं दुखणं होतं. लीड्सला नोकरीला जाणारे लोक सकाळी येऊन आमच्या आवारात फुकटात गाडी लावायचे आणि पळत जाऊन आगगाडी पकडायचे. एकदा बेरिल मार्जरीला घेऊन आली तर सात नंबरमध्ये भलतीच गाडी. पावसात म्हातारीला रस्त्यापासून चालवत आणावं लागलं. त्या वसंतात चर्चच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा झाली. समितीचा अध्यक्ष डेनिस फॉदरगिल, हा जन्मभर टपाल वाटलेला माणूस. आवारावर लक्ष ठेवायला एक खासगी कंपनी नेमावी, असा ठराव त्याने मांडला. अनुमोदनाला पहिला हात बेरिलचा. मी तिच्या मागच्याच खुर्चीवर होते. हात तिने खांद्यापर्यंत नाही, चांगला उंच केला होता.

महिन्याभरात खांबांवर पिवळे फलक लागले आणि प्रत्येक फ्लॅटला एकेक कागदी परवाना आला. तो गाडीच्या काचेमागे दिसेल असा ठेवायचा. लीड्सवाले पंधरा दिवसांत गायब झाले. डेनिस आवारातून हात मागे बांधून फिरू लागला.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मार्जरीच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. बेरिल तिला दुपारी आपल्या घरी घेऊन आली. मार्जरीच्या डोळ्यावर पट्टी, बेरिलच्या एका हातात औषधांची पिशवी, दुसरा हात बहिणीच्या दंडाला. वारा जोराचा होता. बेरिलने पायाने गाडीचं दार ढकललं, ते धाडकन लागलं, आणि काचेमागचा परवाना घसरून सीटच्या फटीत पडला. तिला ते कळलंही नाही. बारा दिवसांनी पत्र आलं, त्यात गाडीचे आठ फोटो होते. परवाना दिसत नाही, सबब शंभर पौंड. चौदा दिवसांत भरल्यास साठ.

बेरिलला सुरुवातीला ही गैरसमजाची गोष्ट वाटली. तिने परवान्याची झेरॉक्स काढली, मार्जरीच्या शस्त्रक्रियेचा कागद जोडला आणि नीट अक्षरात पत्र लिहिलं. उत्तर आलं: परवाना असणं पुरेसं नाही, तो दिसायला हवा. तिने वरच्या अपिलाकडे दाद मागितली. तिथूनही तेच उत्तर, फक्त शब्द जास्त.

डेनिस चहाला आला तेव्हा पत्रं टेबलावरच होती.

"साठ भर आणि मोकळी हो गं," तो म्हणाला. "डोक्याला ताप कशाला?"

"चौदा दिवस कधीच गेले. आता शंभर."

"मग शंभर भर. नियम म्हणजे नियम. अनुमोदन कुणाचं होतं?"

"माझं. पण ते बाहेरच्यांसाठी होतं, डेनिस. माझ्या जागेत माझी गाडी लावल्याबद्दल मला दंड व्हावा म्हणून हात वर केला नव्हता मी."

"हात वर करताना बारीक अक्षरं वाचायची असतात."

"तू वाचली होतीस?"

डेनिसने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं, आणि ते काढण्यात तो बराच वेळ गुंतून राहिला.

मग वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली, लाल अक्षरांतली. प्रत्येक पत्रात आकडा वाढलेला. ती वाचून बेरिलची झोप उडाली हे खरं आहे. जन्मात तिने कुणाचं देणं ठेवलं नव्हतं, आणि लाल अक्षरातलं पाकीट टपालवाल्याच्या हातात दिसतं याची तिला लाज वाटायची. ती सकाळी दाराशीच उभी राहायची, म्हणजे पत्र थेट हातात घेता येईल.

एकदा असंच पत्र घेताना समोरच्या फ्लॅटमधल्या समीनाने पाहिलं. समीना अख्तर म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करायचं काम करायची, दिवसाला सात-आठ घरं.

"आंटी, तुम्हालापण आलं?" तिने विचारलं.

"तुलाही आलंय?"

"तीनदा. एकदा परवाना उलटा पडला होता. एकदा काचेवर बर्फ होता म्हणून दिसला नाही."

"मग काय केलंस?"

"भरले. भांडायला वेळ कुणाला आहे? मी भांडत बसले तर माझे तीन म्हातारे उपाशी राहतील."

बेरिलने तिला आत बोलावलं आणि तीनही तारखा कागदावर लिहून घेतल्या. त्या दिवसापासून ती वेगळ्या तऱ्हेने वागू लागली, असं समीना सांगते. पत्र घ्यायला दाराशी उभं राहणं बंद झालं.

कपाटाच्या वरच्या फळीवर रॉयचा खोका होता. त्यात फ्लॅटचा मूळ करार होता, बेचाळीस पानी. वकिलाकडे जायची तिची ऐपत नव्हती. तिने तो करार स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीपाशी मांडला आणि रोज दुपारी जेवण झाल्यावर पाच पानं वाचायला घेतली. कापड तपासायची तसंच, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत. अर्धे शब्द कळत नव्हते. ते वहीत उतरवून ती बुधवारी वाचनालयात जाऊन अर्थ पाहायची.

आठव्या दुपारी, छत्तिसाव्या पानावर, तिचं बोट थांबलं. फ्लॅटच्या मालकाला जागा क्रमांक सातमध्ये एक खासगी गाडी सर्व काळ लावण्याचा हक्क राहील. एवढंच वाक्य होतं. तिने पुढची सहा पानं वाचली, मग पहिल्यापासून सगळा करार पुन्हा वाचला. परवाना हा शब्द त्यात कुठेही नव्हता. करार बदलायचा तर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतील, असं मात्र एकोणचाळिसाव्या पानावर होतं.

कंपनीने दिवाणी दावा लावला. तोवर वसुलीची भर पडून रक्कम दोनशेच्या वर गेली होती. डेनिसला आता खरी काळजी वाटू लागली. तो दारातच उभा राहून म्हणाला, "हे बघ, सांग की परवाना दिसत होता. काचेवर ऊन चमकलं म्हणून फोटोत आला नाही."

"नोव्हेंबरात? शिपलीत? ऊन?"

"बरं, चकाकी म्हण."

"तो खाली पडला होता, डेनिस. पडला होता तर पडला होता म्हणणार."

सुनावणीच्या आधी कंपनीचे कागद आले. त्यात सगळ्यात शेवटी चर्चच्या हॉलमधल्या त्या सभेचा वृत्तान्त जोडलेला होता. अनुमोदक: श्रीमती बी. ऑल्डरॉइड. खाली सही: डी. फॉदरगिल.

बेरिल तडक जिना चढून त्याच्या दारात गेली. गुडघ्यांमुळे ती एरवी जिना चढायची नाही.

"हा कागद तू दिलास?"

"कंपनीच्या एजंटने मागितला. अध्यक्ष आहे मी, नाही कसं म्हणू?"

"कशासाठी मागतोय, हे विचारलंस?"

"नाही विचारलं."

"छत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलीस," ती म्हणाली, "आणि हे मात्र मला सांगायचं राहिलं."

ती खाली आली. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं बंद झालं. आवारात समोरासमोर आले की डेनिस खिशातल्या किल्ल्या शोधायचा.

जूनमध्ये ब्रॅडफर्डला सुनावणी झाली. समीनाने एक सकाळ रजा काढली आणि बेरिलला सोबत म्हणून बसने गेली. कोर्ट म्हणजे मोठं दालन असेल अशी बेरिलची कल्पना. प्रत्यक्षात ती एक साधी खोली होती, लांब टेबल, पाण्याचा जग, आणि चष्म्यातून बघणारी मध्यमवयीन न्यायाधीश. कंपनीकडून एक तरुण वकील आला होता. त्याने बाहेरच्या बाकावर बसून कागद पहिल्यांदाच चाळले, हे समीनाने पाहिलं होतं.

"मिसेस ऑल्डरॉइड, परवाना गाडीत होता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"होता. सीटच्या फटीत पडला होता."

"म्हणजे बाहेरून दिसत नव्हता."

"नाही, बाई. फोटो खरे आहेत."

वकिलाने तेच पकडलं. "आणखी एक, बाईसाहेब. ही योजना यांच्याच अनुमोदनाने आली. दीड वर्ष यांनी परवाना लावलाही. आता योजना मान्य नाही असं यांना म्हणता येणार नाही."

न्यायाधीशबाईंनी वृत्तान्त वाचला. "हे खरं आहे?"

"खरं आहे," बेरिल म्हणाली. "परक्या गाड्या माझ्या जागेत लागायच्या म्हणून मी हात वर केला. त्याचा मला पश्चात्ताप आहे, पण केला होता. फक्त एवढंच म्हणते, की हात वर करून मी माझी जागा कुणाला देऊन टाकली नव्हती. छत्तिसावं पान बघाल का?"

न्यायाधीशबाईंनी छत्तिसावं वाचलं, मग एकोणचाळिसावं. वकिलाला विचारलं, करारात बदल केल्याचा सह्यांचा कागद आहे का. त्याने आपलं बाड दोनदा उलटंपालटं केलं. तसा कागद नव्हता.

निकाल दहा मिनिटांत झाला. सभेत हात वर केल्याने करार बदलत नाही. ज्या जागेत गाडी लावायचा हक्क बाईंना आधीपासून आहे, तिथे लावण्याची परवानगी कंपनी त्यांना देऊ शकत नाही, आणि तिच्या अटी मोडल्याबद्दल पैसेही मागू शकत नाही. दावा फेटाळला.

"येण्याजाण्याचा काही खर्च?" न्यायाधीशबाईंनी शेवटी विचारलं.

"काही नाही. ज्येष्ठांना बस फुकट आहे."

बाहेर आल्यावर बेरिल कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसली आणि रडली. समीनाला वाटलं आनंदाने असेल. "नाही गं," बेरिल म्हणाली. "रॉयने पावलं मोजली तेव्हा मी त्याला ओरडले होते. माणसं बघतायत, चल, म्हणून." मग तिने नाक पुसलं, आणि दोघींनी बसस्टॉपजवळच्या दुकानात मासे-चिप्स खाल्ले.

बातमी वीव्हर्स कोर्टात त्यांच्या आधी पोचली नव्हती, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचा एक गृहस्थ आपलं लाल अक्षरांचं पाकीट घेऊन आला, मग आणखी एक. महिन्याभरात तिच्या टेबलावर अकरा जणांची पत्रं जमली. प्रत्येकाच्या करारातल्या छत्तिसाव्या पानाची प्रत काढून ती त्याला पत्र लिहून देई. समीनाचे पैसे परत मिळवायला मात्र पाच महिने लागले, आणि तेही दोन वेळचेच मिळाले. तिसऱ्याबाबत कंपनीने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही.

वार्षिक सभेत कंपनीला काढायचा ठराव आला. या वेळी अनुमोदन द्यायला डेनिस उठला. तो एवढंच म्हणाला, "सभेचे कागद यापुढे विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत." बेरिल पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. सभा संपल्यावर मात्र तिने त्याला विचारलं, "चहाला येतोस का?"

"बिस्किटं आहेत?"

"आहेत. बुडवू नकोस म्हणजे झालं."

कंपनी गेली. पिवळे फलक निघाले. परक्या गाड्यांसाठी प्रत्येक जागेच्या तोंडाशी कुलूपवाला लोखंडी खांब बसवला. गाडी काढली की तो उभा करायचा, आली की कुलूप उघडून वाकून आडवा पाडायचा. बेरिलला वाकता येत नाही. म्हणून तिने एक जादा किल्ली समीनाला दिली आणि दुसरी डेनिसला. गुरुवारी ती बाजारातून येते, आवाराच्या तोंडाशी थांबते आणि एकदा हॉर्न वाजवते. जो घरी असेल तो खाली येतो. बहुतेक वेळा डेनिसच असतो, आणि खाली येताना तो जिन्यातूनच ओरडतो, "आलो, आलो, टपाल आहे का काय!"