चांगुणाच्या कपाळावरचे चट्टे

निमोण्याची चांगुणा जन्मापासूनच पांढरीफटक. केस, भुवया, पापण्यासुद्धा. कातडीत रंगच नव्हता. तरी पंचेचाळिशीपर्यंत ती भर उन्हात लोकांच्या रानात खुरपत होती, आणि ज्यांच्या रानात खुरपायची तेच तिला ‘इंग्रजीण’ म्हणायचे. तेवढीच त्यांची अक्कल.

दोन वर्षांपूर्वी तिच्या कपाळावर आणि कानावर चट्टे उठले. दिसायला फारसे नव्हते, पण बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागायचे. खपली काढली की पुन्हा धरायची. माजी सरपंच सोपानरावांना सगळ्यातलंच कळतं. पारावर बसल्या बसल्या त्यांनी निदान केलं.

“उष्णता हाय. बिब्बा लाव, जळून जाईल.”

“तुमच्या जिभेला लावा आदी,” चांगुणा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी शिरूरला गेली.

त्वचेच्या डॉक्टर साधनाबाईंनी भिंगातून एकेक चट्टा पाहिला. “हा कॅन्सर नाही. पण इतक्या वर्षांच्या उन्हानं कातडी बिघडलीय. अशीच सोडली तर एखाद्या चट्ट्याचा कॅन्सर होऊ शकतो. कुठल्याचा, ते आधी सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांवर उपचार करायचे.”

कानावरचा चट्टा मात्र जाड होता, म्हणून खात्रीसाठी त्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस चांगुणाला घास गोड लागला नाही, पण तिनं कुणाला काही सांगितलं नाही. कीव करायला येणारी तोंडं तिला बघायची नव्हती. रिपोर्ट चांगला आला.

कानावरचा चट्टा गोठवून मारायला डॉक्टरांनी अतिथंड फवारा मारला. आग झाली, फोड आला, पंधरा दिवसांत खपली पडली. कपाळाला तीन आठवडे मलम होतं. त्यानं कपाळ लालभडक झालं.

“डॉक्टरणीनं भाजली बघा,” सोपानराव चारचौघांत म्हणाले.

असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ते या माणसाला समजावण्यात तिनं तोंड शिणवलं नाही. मलम पुरं केलं. खालून मऊ कातडी आली.

मग ती सोपानरावांकडं गेली; त्यांच्याही रानात ती खुरपायची. “उन्हात खुरपायला येणार न्हाई. शेडमधी कांदा निवडीन.”

“मडम झालीस व्हय?”

“व्हय. कांदा शेजारच्या इनामगावातबी हाय.”

ऐन हंगामात माणूस मिळेना, तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी तिला बोलवायला बायकोला पाठवलं. स्वतः यायची लाज वाटली असावी. चांगुणा गेली, लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, तोंडाला उन्हाचं क्रीम.

गेल्या महिन्यात मनगटावर नवा खरखरीत चट्टा बोटाला लागला. तिनं सकाळचीच शिरूरची एसटी धरली.