सगळ्यांच्या मागून जेवणारी आजी

दर रविवारी घरी पोचलो की बायको विचारते, "आज काय झालं?" मी सांगायला बसतो आणि चहा गार होतो. इतके किस्से साठलेत की कुठला कुठल्या रविवारचा, हेही आता आठवत नाही. दुपारचं ऊन, भाताची वाफ, कडुलिंबाची सावली... सगळं अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं एकमेकांत मिसळून गेलंय.

मी तेलंगणात, मावला गावात भाजी पिकवतो, जवळच्या आदिलाबादच्या बाजारात विकतो. घरात गणपती आहे, पण रविवारी दुपारी मी असतो चर्चवाल्यांबरोबर! बसस्टँडमागच्या मैदानात ते बेघर लोकांना जेवू घालतात. एकदा उरलेली टोपलीभर वांगी त्यांना देऊन मी निघालो, तर तिथला स्वयंपाक सांभाळणारी सुगुणाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सब्जी देके भागते क्या, भय्या? परोसेगा कौन?"

चार वर्षं झाली. पळायला अजून जमलेलं नाही.

*

वाढण्याआधी पास्टर प्रार्थना करतात. माणूस सोन्यासारखा, पण प्रार्थना लांब! पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी. एका रविवारी ते देशाच्या सीमेवरच्या जवानांपर्यंत पोचले, तोवर वरणावर साय धरली होती. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी खणखणीत म्हणालं, "आमेन!"

सवयीनं सगळे म्हणाले, "आमेन!" डोळे उघडले, पळ्या उचलल्या, वाढप सुरू!

पास्टर एकटेच डोळे मिटून सीमेवर राहिले.

*

त्याच रांगेत तामशी गावाकडची एक आजी बसायची. ताट घ्यायची आणि शेजारच्याला देऊन टाकायची. काऊन, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सगळ्याइचं होऊ दे बाप्पा. बाईमाणूस मागून जेवते."

सगळ्यांचं होईपर्यंत पातेलं रिकामं व्हायचं. अक्कानं तिच्यासाठी डबा बाजूला काढून ठेवला, तर तोही तिनं उशिरा आलेल्या एकाला दिला. दर रविवारी ती जरा आणखी वाळलेली दिसायची. मला तिच्यासाठी भीतीच वाटायला लागली होती.

*

भात खाऊन कंटाळलेल्यांसाठी चर्चच्या बायकांनी एकदा ज्वारीच्या भाकरी थापल्या. तेलुगू हात, भाताची सवय! एका म्हाताऱ्यानं भाकर उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली.

"भाकर हाये का जिल्ह्याचा नकाशा?"

तरी तीन नकाशे संपवले त्यानं.

*

एक जण ताट समोर असतानाच झोपी गेला. थंडीचे दिवस, ऊन छान पडलं होतं. मी हळूच उठवलं.

"थांब ना बा," तो डोळे न उघडताच म्हणाला. "घरी जेवून राह्यलो. आत्ता कुठं भात आला."

मी थांबलो. भात वाढून होईपर्यंत कुणाला घरातून उठवायचं कशाला?

*

आणि तो रविवार. रांग जेवून उठली होती. अक्कानं या वेळी पातेल्यात मुद्दाम भरपूर भात राखला होता. आजीपुढे ताट ठेवून ती म्हणाली, "सबका हो गया, आजी. अब तो खाव!"

आजीनं आम्हा वाढणाऱ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"तुमचं कुटं झालं?"

आता आमचा नियम असा, की वाढणाऱ्यानं तिथं जेवायचं नाही. ते अन्न रांगेतल्यांचं. आपण घरी जाऊन जेवायचं. चार वर्षांत कुणी शीतही तोंडात टाकलं नव्हतं. अक्कानं पास्टरकडे पाहिलं. पास्टरनी चपला काढल्या आणि जमिनीवर मांडी घातली.

आम्ही आठही जण ओळीनं बसलो. आजी कडुलिंबाला धरून उठली, पदर खोचला, पळी घेतली. एक थेंब सांडला नाही. मला दोनदा वाढलं. नको म्हणायची हिंमतच झाली नाही. किती वर्षांत असं कुणी दटावून वाढलं नव्हतं मला!

सगळ्यांचं झाल्यावर ती खाली बसली. अक्कानं तिला भात वाढला, वर वरण घातलं. आजीनं कालवलं, घास घेतला. आम्ही बघत होतो.

तिनं सावकाश चावलं, गिळलं आणि अक्काकडे वळून म्हणाली, "मीठ कमी हाये वं!"

सुगुणाक्का रडत रडत मीठ आणायला पळाली.