मघाच्या म्हाताऱ्याची जागा

स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. मी डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचे आणि दर रविवारी सकाळी कल्याणच्या रेल्वे कॉलनीत व्हायोलिन शिकायला जायचे. माझे मास्तर मूळचे गोव्याचे, रेल्वेच्या बँडमधून निवृत्त झालेले. शिकवणी संपली की ग्रामोफोनला किल्ली देऊन विलायती वाद्यवृंदाच्या तबकड्या ऐकवायचे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कीर्तनात पेटीची साथ करायचे. "पन्नास माणसं एकदम वाजवतात, त्यात ऐकायचं काय?" हे त्यांचं ठरलेलं. एका रविवारी मी हट्टानं त्यांना घेऊन गेले.

मास्तरांनी आधी एका जुन्या संगीतकाराची तबकडी लावली, मग पुढच्या पिढीतल्या एकाची सिंफनी. ती चार तबकड्यांची. दर चार मिनिटांनी उठून बाजू बदलायची. अण्णा टोपी मांडीवर ठेवून डोळे मिटून बसले होते. तिसऱ्या तबकडीत चेलो, म्हणजे खर्जातली ती मोठी व्हायोलिनं, खालून एक सुरावट घेऊन वर चढले आणि अण्णांनी हात वर केला.

"थांबा. ही जागा ह्याची नाही. मघाच्या म्हाताऱ्याची आहे."

मास्तर हसले. "सूर वेगळे आहेत, अण्णा."

"असू देत. शेवटच्या सुराआधी दम घ्यायची खोड तीच आहे."

त्यांनी दोन्ही जागा गाऊन दाखवल्या. मास्तरांनी पहिली तबकडी पुन्हा लावली. सुई तिथवर आली तसे मास्तर खुर्चीतून उठलेच.

"तरुणपणी हा सिंफनीवाला त्या म्हाताऱ्याच्या रचना उतरून काढायचा, असं आमचे बँडमास्टर सांगायचे. तीस वर्षं ऐकतोय मी, पण माझ्या कानांनी कधी पकडलं नाही!"

"मग ही चोरी नाही का?" मी विचारलं. विचारायला कारण होतं. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी बारा मुलींच्या वाद्यवृंदासाठी एक रचना करत होते आणि तिच्यात अण्णांच्या एका अभंगाच्या चालीचं वळण सारखं डोकावत होतं. तीनदा मी ते खोडलं होतं.

"चोर माल लपवतो गं," अण्णा म्हणाले. "ह्यानं तर म्हाताऱ्याला पाट मांडून मधोमध बसवलंय."

त्याच आठवड्यात मी ते वळण परत घेतलं, आणि चोरून नाही. सगळ्या सतारींना एकदम दिलं. गॅदरिंग झाल्यावर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "चाल ओळखीची वाटली हो."

"आमच्या अण्णांची आहे," मी म्हटलं. "पुढचा विस्तार माझा."

गॅदरिंगला आलेले अण्णा घरी जाताना "डावीकडची सतार उतरली होती," एवढंच म्हणाले. रविवारी मात्र माझ्याआधी कपडे करून दारात उभे. "चल, आज मास्तरांना त्या म्हाताऱ्याचा गुरू कोण ते विचारू."