चुलीवर टांगलेल्या साखळ्या

ज्या बाईने मला वाचवलं, तिला आधी हात जोडतो. नाव लिहीत नाही. इथे कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय. बालोद्यानाची राखण करणारी ती मावशी. मी तिलाच कोठडीत घालायला निघालो होतो.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात मी एएसआय, म्हणजे पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होतो. गाव माझं बिदरकडचं, घरी जायला दीड दिवस लागायचा. दहावीनंतर शाळा सुटली, वर्दीने पोट भरलं. पण टाइप केलेला, शिक्का मारलेला कागद समोर आला की मी दबून जायचो. शिकलेल्या माणसाने लिहिलंय, म्हणजे खरंच असणार, असं वाटायचं.

थंडीचे दिवस होते. उद्यानात झोपाळा वरून निसटला आणि आठ वर्षांची मुलगी सिमेंटच्या कट्ट्यावर आपटली. हात दोन ठिकाणी मोडला. तिच्या बापाची फिर्याद घेतली, तोवर ठाण्यात फोन आला. खेळण्यांच्या देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता, त्याचा सुपरवायझर बोलत होता.

"साहेब, साखळीला काजळी आहे का बघा. त्या बाईने ती विस्तवात घातली होती. गावात कुणालाही विचारा."

पंचनाम्यात साखळी पाहिली. कड्यांच्या सांध्यांत खरंच काळी काजळी! मुद्देमाल जप्त केला. सुपरवायझरने तपासणी अहवालही आणून दिला. टाइप केलेला, खाली शिक्का. 'चारही झोपाळे हलवून, वजन टांगून तपासले. स्थिती उत्तम.' मग दिवसातून तीनदा त्याचे फोन, "अटक झाली का?" या घाईचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. नाही आला.

मावशीला ठाण्यात बोलावलं. मी आवाज चढवला.

"साखळी का जाळलीस?"

"जाळली न्हाई साहेब. धुरावर टांगली हुती."

"धुरावर? साखळी काय मासळी आहे?"

"हसा की. गावची पोरंबी हसत्यात. म्हनत्यात, मावशीनं झोपाळं शिजाय घातलं." मग ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "साखळी तुटली हाय का? शेवटच्या कडीपातुर मोजा. वर बघितलंसा काय तुमी?"

मी वर बघितलं नव्हतं. पंचनामा जमिनीवर पडलेल्या वस्तूचा केला होता, आडव्या पाइपाचा नाही. इतकी वर्षं नोकरी करून!

त्याच दुपारी शिडी लावून वर चढलो. पाइपावर नवा कोरा हिरवा रंग. ज्या हुकाला झोपाळा अडकवलेला, तो गळून पडलेला. शेजारच्या हुकावर खिशातली किल्ली घासली, तर रंगासकट गंजाचा पापुद्रा हातात आला. आत लोखंड उरलंच नव्हतं. साखळी मात्र शाबूत होती, एकूण एक कडी.

तिथून मावशीच्या घरी गेलो. चुलीवर आडवी काठी, काठीला बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली, काळीभोर. त्यांच्या शेजारी चार रिकामे आकडे.

"हितं पावसात समदं गंजतंय," ती म्हणाली. "बियानं धुरात ऱ्हातंय, तशी साखळीबी ऱ्हाती. पाऊस लागला की उतरवते, दिवाळी झाली की लावते. वरचा पाइप कसा उतरवू? ठेक्याचा मानूस आला की सांगायची, वरचं बघा, वरचं बघा. त्यो रंग मारून गेला." असं म्हणून तिने पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवली. ज्याने सकाळी दरडावलं, त्याच्यापुढे.

पेज पिताना एकदम सुचलं. ठाण्यात येऊन अहवालावरची तारीख पाहिली. भर श्रावणातली होती!

सुपरवायझरला बोलावलं.

"श्रावणात वजन कशाला टांगलं?"

"झोपाळ्यांना, साहेब. चारही. मी स्वतः."

"झोपाळे तेव्हा मावशीच्या चुलीवर होते. तिथे जाऊन टांगलंस?"

त्याने पाणी मागितलं. मग जबाब दिला: जागेवर न जाताच अहवाल लिहिला होता, आणि पुढे रंगकामाला आला तेव्हा गंज दिसत असूनही ठेकेदाराच्या सांगण्यावरून वर रंग मारला होता. शाळकरी पोरांच्या डोक्यावर गंजलेलं लोखंड टांगून हे लोक 'स्थिती उत्तम' लिहितात, आणि पोर पडली की राखणदार बाईकडे बोट दाखवतात! मी दोघांवर दोषारोपपत्र पाठवलं. ते दंड भरून सुटले. त्या मुलीचा हात आजही पूर्ण वर जात नाही. हा राग निवृत्तीनंतरही उतरलेला नाही.

मी काय शिकलो? शिक्का बघून विश्वास ठेवायचा नाही. शिडी लावून वर चढायचं. आणि हे मला शिकवलं कुणी, तर कागदावर अंगठा उमटवणाऱ्या बाईने. तिने तोंड उघडलं नसतं, तर निर्दोष बाईला तुरुंगात धाडल्याचं पाप घेऊन मी बिदरला परतलो असतो.

मावशी आता थकली आहे म्हणतात, पण साखळ्या अजून तीच उतरवते. मावशी, मी येणार आहे. पाऊस लागायच्या आत येईन, शिडीवर मी चढेन, आणि चारही झोपाळे माझ्या हाताने उतरवून तुझ्या चुलीवर टांगेन.