बोळवण राहिलेलं गाणं

आमची आई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी. आई गेल्यावर तो गळा माझ्या थोरल्या बहिणीकडे आला. आईसारखंच पावसात लोकांच्या खाचरात भाताची लावणी, लग्नसराईत गाणं. मी तिच्या मागे ओळ धरायची. आता आमच्यात रीत अशी, की हळदीआधी गाण्यातून देवांना बोलवायचं, मग त्या घरच्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलवायचं. लग्न लागलं की गाण्यातूनच त्यांची बोळवण करायची. बोलावून तसंच ठेवायचं नाही.

खालापूरच्या एका मांडवात तिला ऐकून मुंबईचा एक माणूस आम्हां दोघींना गाण्याच्या तबकड्या भरतात तिथे घेऊन गेला. तिथे लग्नघर कुठलं? मग नावं कुणाची घ्यायची? बहिणीने आपल्याच घरची घेतली. शेवटी आईचं. बोळवणीला सूर लावणार, तर त्याने हात वर केला.

"बाई, एवढंच मावतं. दुसऱ्या बाजूला नाचाचं काहीतरी द्या."

"अवो, पण बोळवण ऱ्हायली ना."

"ती कोण ऐकतंय?"

तबकडी अशी चालली, विचारू नका. कर्जत, पळसदरी, जिथे मांडव तिथे कर्ण्यावर बहीण. आमच्या कुडाच्या घराला विटा लागल्या, पेपरात फोटो आला. पण लांबून कर्णा ऐकू आला की ही हातातलं काम टाकून बोळवण पुटपुटायची.

"आईला मांडवामांडवात उभी केली गं मी."

"तुझं आपलं कायतरीच," मी म्हणायची.

उरलेलं भरून घ्या म्हणून तिने त्या माणसाला जाऊन विनवलंही. तो हसला, चहा पाजला.

मग रसायनीकडच्या एका लग्नात तिला मानाने बोलावलं. भर दुपारी तबकडी वाजून गेली, पंगत बसली. वाढणारी बाई आमच्यापाशी वाकून म्हणाली, "तुमच्या म्हातारीला बसवा की. मघापासून खांबाला टेकून उभी हाय. पान मांडलं तर नाय म्हणते. आन् पाय बघा, ऐन वैशाखात चिखलानं भरलेत."

आम्ही दोघीच आलो होतो. खांबाशी कुणी नव्हतं.

बहीण भरल्या पानावरून उठली. खांबाकडे तोंड करून तिने बोळवण लावली, मी ओळ धरली. आईचं नाव घेतलं, वाट सांगितली, पार वेशीबाहेर पोचवलं. मांडवात कुणी घास उचलत नव्हतं. मला जरा मोकळं वाटलं.

तेवढ्यात नदीपलीकडच्या वाडीत तीच तबकडी लागली. बहिणीच्याच आवाजात आईचं नाव.

बहिणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर सावरला आणि पहिल्यापासून म्हणायला लागली.